एटीव्हीचं इंजिन उघडण्याआधी अर्थिंग बघ

पत्र

काका, नमस्कार. मी २६ वर्षांचा, गुहागर तालुक्यात घरची कलमं आणि आगर बघतो. गेल्या दिवाळीत पुण्याहून एक जुनी १२५ सीसीची चायनीज एटीव्ही, म्हणजे चार फुगीर चाकांची बाईक, ५५ हजारांना आणली. सड्यावरच्या बागेतून आंब्याचे क्रेट खाली आणायला उपयोगी पडेल असं वाटलं. एक सीझन चालली. पावसाळाभर पडवीत ताडपत्री बांधून ठेवली होती. आता सेल्फ मारला की कधी लगेच फिरतो, कधी नुसतं 'टक' होतं. चालू झाली तरी चोकवरच चालते, चोक काढला की मरते. आणि पंधरा-वीस मिनिटं चालली की आपोआप बंद पडते, अर्धा तास थंड झाल्याशिवाय पुन्हा चालू होत नाही. बाजारातला मेकॅनिक म्हणतो इंजिन गेलं, १४ हजार होतील. मी ऑनलाइन मोठा कार्बोरेटर आणि रेसिंग सीडीआय (प्लगची ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बघून ठेवलाय. ते बसवलं तर चढाला जोर येईल ना? मे महिन्यात किनाऱ्यावर पर्यटकांना दोनशे रुपयांत एक चक्कर द्यायचाही विचार आहे. बाबा म्हणतात, भंगारात घाल. काय करू?

उत्तर

तुझं पत्र दोनदा वाचलं. १४ हजार आत्ता कोणाला देऊ नकोस, आणि ऑनलाइनची ऑर्डरही थांबव. तू एकाच गाडीची तीन दुखणी लिहिली आहेस आणि मेकॅनिकने तिघांना मिळून एकच नाव दिलं. मला ती तीन वेगळी दुखणी दिसतात, आणि त्यातलं एकही इंजिन गेल्याचं लक्षण म्हणता येणार नाही.

मी तीस वर्षं होड्यांची इंजिनं आणि मोटरसायकली दुरुस्त केल्या. खाऱ्या हवेत यंत्र आतून क्वचित मरतं. मरतात ते सांधे: वायरीचा जोड, बॅटरीचं टर्मिनल, फ्रेमला आवळलेला अर्थिंगचा, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरीचा, बोल्ट. या स्वस्त आयात गाड्यांत इंजिन बऱ्यापैकी असतं आणि सांधे अगदीच हलके. त्यात तू चार महिने ताडपत्री घट्ट बांधून ठेवलीस. आत दमट हवा कोंडते, रात्री पत्र्यावर दव धरतं आणि तिथंच राहतं. पुढच्या पावसाळ्यात वरून छप्पर असू दे, पण बाजू उघड्या ठेव.

आधी इंजिनाची ओळख करून घे. डाव्या बाजूला खालच्या केसिंगवर चिखल खरवडलास की एक नंबर सापडेल. तुझ्या गाडीला बहुधा १५४एफएमआय असा असेल. १ म्हणजे एक सिलिंडर, ५४ म्हणजे ५४ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), एफ म्हणजे हवेवर थंड होणारं, एम म्हणजे मोटरसायकलचं, आणि आय म्हणजे १२५चा वर्ग. ही आडवी इंजिनं होंडाने १९५८ मध्ये काढलेल्या सुपर कब या गाडीच्या घराण्यातली. आपल्याकडच्या जुन्या स्प्लेंडरचं आडवं इंजिनही याच घराण्यातलं. पार्ट एकमेकांत बसतीलच असं नाही, पण ज्याचा हात स्प्लेंडरवर बसलाय त्याला हे इंजिन परकं वाटणार नाही. तुमच्या बाजारपेठेत असा एखादा जुना मेकॅनिक नक्की असेल. 'चायनीज' हा शब्द काढू नकोस, नुसतं इंजिन दाखव.

आता पहिलं दुखणं, ते 'टक'. हा आवाज सेल्फ रिलेचा, म्हणजे सेल्फच्या मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचचा. म्हणजे बटण चाललं, ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ न लागण्याची जी सोय या गाड्यांत असते तीही चालली, रिलेपर्यंत करंट आला. अडतोय तो तिथून पुढे, किंवा परतीच्या वाटेवर. मल्टिमीटर घे. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. आता सेल्फ दाबून धर आणि बघ. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी थकली. आकडा बारावरच राहिला आणि नुसतं टक झालं, तर बॅटरी ठीक आहे, रस्ता बंद आहे. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी थेट इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकव, आणि पुन्हा सेल्फ दाब. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. तुझ्या गाडीत हेच निघेल असा माझा कयास आहे, कारण 'कधी फिरतो, कधी टक' हे खराब सांध्याचंच वागणं. काहीच नाही निघालं तर संशय रिले आणि त्याच्या जाड वायरींवर धर.

अर्थिंगची वायर फ्रेमला जिथं आवळलेली असते तो बोल्ट सोड. खाली बघ: कारखान्यात फ्रेमवर रंग चढवला आणि वायरीचा लग (टोकाचं धातूचं कडं) त्या रंगावरच आवळला, असं या गाड्यांत सर्रास सापडतं. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांतून, आणि आटे आता गंजले. लग उलटा करून बघ. सुपारीवर फवारायच्या बोर्डोतलं मोरचूद जसं दिसतं तसाच निळा-हिरवा थर त्यावर दिसेल. वायर लगपाशी थोडी सोल. तांबं लालसर निघालं तर ठीक. काळं निघालं, नखाने चिमटल्यावर तारा तुटून पूड पडली, तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे मागे कापत जा. कधी चार बोटं, कधी वीतभर कापावं लागतं. मग नवा लग क्रिंप कर, फ्रेमचा रंग पॉलिश पेपरने घासून धातू उघडा कर, आवळ आणि वरून पेट्रोलियम जेली थाप. एवढ्यावर थांबू नकोस. बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनाच्या एखाद्या बोल्टपर्यंत दुसरी जाड वायर टाक. होडीवर आम्ही हे पहिल्या दिवशी करतो. शंभर-दोनशे रुपयांची वायर आहे आणि तुझ्या यादीतल्या कुठल्याही अपग्रेडपेक्षा मोठी आहे. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची मायनस काढायची, हे विसरू नकोस.

दुसरं दुखणं, चोकवर चालणं. चोक म्हणजे हवा कमी करून मिश्रण घट्ट करणं. गाडी फक्त चोकवर तग धरत असेल तर तिला एरवी पेट्रोल कमी पडतंय, किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय. कार्बोरेटरच्या तळाला एक ड्रेन स्क्रू असतो. खाली स्टीलची वाटी धर आणि फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल त्यात सोड. वाटी उजेडात धरून हलकेच तिरकी कर. तळाशी वेगळा थर किंवा मण्यांसारखे थेंब फिरताना दिसले तर ते पाणी. २०२५ पासून पंपावरचं साधं पेट्रोल ई२० झालं, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि ओलावा फार झाला की पाण्यासकट वेगळं होऊन तळाला बसतं. आपल्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी चार महिने ठेवली की हेच होणार. शिवाय या गाड्यांच्या स्वस्त रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात आणि आतून सुटतात. टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढ, नळी बदल, मध्ये एक फिल्टर टाक.

मग कार्बोरेटर उतरवून स्लो जेट काढ, म्हणजे कमी वेगात पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी. तो उजेडासमोर धर. भोक जेमतेम चार-पाच केसांच्या जाडीचं असतं, त्यातून आभाळाचा बारीक गोल ठिपका दिसला पाहिजे. दिसला नाही किंवा चंद्रकोरीसारखा दिसला तर जेट चोंदलाय. त्यात सुई घालू नकोस, स्टीलची तारही नको. भोक एवढंसं मोठं झालं तरी जेट कायमचा बिघडतो. कार्बोरेटर क्लीनर मार, तासभर भिजू दे, आणि लागलंच तर वायरीतली तांब्याची एकच तार सोडवून ती फिरव. हे काम अंगणात कर, चूल, बिडी, देवाचा दिवा काही जवळ नको.

जेट स्वच्छ करूनही चोक लागत असेल तर कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधला इन्सुलेटर बघ. त्याची ओ-रिंग कडक होते, कधी तो तुकडाच तडकतो. गाडी आयडलवर ठेव आणि झाडांवर फवारायच्या छोट्या बाटलीने त्या सांध्यावर पाणी मार. आवाज बदलला की हवा तिथूनच शिरतेय.

तिसरं दुखणं, तापल्यावर बंद पडणं. मेकॅनिकने 'इंजिन गेलं' म्हटलं ते बहुधा यावरून. गाडी बंद पडली की त्याच क्षणी दोन गोष्टी तपास, थंड होऊ देऊ नकोस. पहिली, टाकीचं झाकण उघड. 'सुस्' असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक मातीने बुजलंय. दुसरी, प्लग काढून कॅपला लाव, प्लगच्या भोकापासून लांब इंजिनाच्या धातूला टेकव, सेल्फ मार. ठिणगी निळी आणि करकरीत येतेय का बघ.

ठिणगी येत नसेल तर सीडीआय फेकण्याआधी किल वायर तपास. या छोट्या गाड्यांत बहुतेक एसी सीडीआय असतो, आणि त्यात गाडी बंद करायची तर एक वायर अर्थला लावतात. ती बहुधा काळी-पांढरी असते. ती वायर हँडलच्या स्विचला, चावीला, मागच्या दोरी ओढून गाडी बंद करायच्या स्विचला आणि रिमोट असेल तर त्यालाही जाते. यातल्या एकात जरी ओल शिरली तरी गाडीला वाटतं कोणी तरी तिला बंद करतंय. ती वायर सीडीआयपाशी सुटी करून ठिणगी बघ. आली, तर सीडीआय निर्दोष, दोष स्विचमध्ये. आणि तरीही फक्त गरम झाल्यावरच ठिणगी जात असेल तर मॅग्नेटजवळची पल्सर कॉइल (ठिणगीची वेळ सांगणारी) किंवा आतली एक्सायटर कॉइल (सीडीआयला वीज देणारी) तापून दगा देतेय.

इथं मला एक गोष्ट सांगायलाच हवी. बरीच वर्षं झाली, अशाच एका गाडीची किल वायर मी तपासायला सुटी केली आणि पुन्हा जोडायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी मालकाचा मुलगा ती घेऊन निघाला, उतारावर थ्रॉटल अडकला, स्विच दाबला तर गाडी बंद होईना. तो जांभ्याच्या गडग्यावर जाऊन आदळला. मनगट मोडलं, दोन महिने प्लास्टर. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून सुट्या केलेल्या वायरीला मी लाल चिंधी बांधतो आणि ती चिंधी खिशात परत आल्याशिवाय गाडी कोणाच्या हातात देत नाही. तूही बांध.

ठिणगी उत्तम असूनही तापल्यावर गाडी मरत असेल, तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाचा स्क्रू. व्हॉल्व्ह सीटमध्ये झिजत आत बसत जातो तसतसा टॅपेटचा गॅप कमी होतो. थंडपणी जेमतेम पुरतो. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं. थंड झालं की पुन्हा सगळं ठीक. तू लिहिलेलं लक्षण याला तंतोतंत जुळतं. इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी, दोन्ही टॅपेट कव्हर उघड. फ्लायव्हील हाताने फिरवून टी खूण (पिस्टन सर्वांत वर आल्याची) जुळव आणि दोन्ही रॉकर सैल आहेत ना बघ. सैल नसतील तर अजून एक पूर्ण फेरा दे. त्यानंतरही एखादा रॉकर जराही हलत नसेल तर चोर तोच. फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापाने) दोन्हीकडे ०.०५ मिलिमीटर ठेव. पाती ओढताना कागद पुस्तकातून ओढल्यासारखी किंचित अडली पाहिजे. अर्ध्या तासाचं काम आहे.

ऑइलही बदल, जेमतेम पाऊण-एक लिटर मावतं. डब्यावर जासो एमए लिहिलेलं मोटरसायकलचंच घे. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, मोटारकारच्या ऑइलने तो घसरतो.

एवढं केल्यावर गाडी सुधारेल अशी मला पक्की आशा आहे. आता तुझ्या अपग्रेडबद्दल. मोठा कार्बोरेटर नको. इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि हवेची वाट आहे तेवढीच राहणार. तोंड मोठं केलं की हवेचा वेग मंदावतो, पेट्रोल नीट उचललं जात नाही, आणि ज्या कमी वेगात तुला चढाला जोर हवाय तिथंच गाडी गचके खाईल. रेसिंग सीडीआय मुख्यतः वरच्या आरपीएमची मर्यादा काढतो, ती या इंजिनाच्या जीवासाठी ठेवलेली आहे. तुला जोर हवाय ना? मागचं स्प्रॉकेट बदल. आता ३७ दाती असेल आणि ४१ दाती बसवलंस तर ओढ साधारण ११ टक्क्यांनी वाढेल, वरचा वेग साधारण १० टक्क्यांनी घटेल. बागेत तुला वेग हवाय कशाला? चेन ४२० की ४२८ ते तिच्यावर कोरलेलं वाचून घे. दोन्हींचा पिच १२.७ मिलिमीटर, पण रुंदी वेगळी, त्यामुळे एकीचं स्प्रॉकेट दुसरीला लावायचं नाही. चेनला दोनेक कड्या वाढवाव्या लागतील.

उरलेले पैसे ब्रेकवर घाल. ओल्या जांभ्यावर शेवाळ धरलेल्या उतारावरून तू क्रेट आणणार आहेस. मास्टर सिलिंडरचं झाकण उघडून बघ: ऑइल मधासारखं असेल तर चालेल, चहासारखं झालं असेल तर त्याने पाणी प्यायलंय, पूर्ण काढून डॉट ४ भर. कॅलिपरचा पिस्टन बोटाने सरकतो का बघ, पॅड नवे टाक. मग चाकांचे हब, स्टीअरिंगच्या टाय रॉडची टोकं, ए-आर्मच्या वेल्डिंगचे सांधे: रंगात केसाएवढी रेघ आणि तिच्यातून गंजाचा ओघळ दिसला की ती चीर समजायची, गाडी तिथंच उभी करायची. मऊ बोल्ट काढून ८.८ खुणेचे बोल्ट आणि नायलॉक नट घाल. स्टेनलेस स्टीलचा मोह होईल, गंजत नाही म्हणून. मडगार्डला लाव, सस्पेन्शनला आणि ब्रेकला लावू नकोस. बेअरिंग गेलं असेल तर 'चायनीज पार्ट' शोधत बसू नकोस, त्यावर ६२०२ असा काही नंबर असतो आणि तो जगभर एकच. चिपळूणच्या कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे नंबर सांग आणि दोन्ही बाजूंनी सील असलेलं, टू आरएस माग.

टायरची हवा मोटरसायकलसारखी भरत असशील तर आजच काढ. या फुगीर टायरना तीन ते पाच पीएसआय पुरतं, आकडा टायरच्या बाजूला छापलेला असतो. पंपावरच्या गेजवर एवढा छोटा आकडा वाचता येत नाही, कमी दाबाचं वेगळं गेज घे. आणि क्रेट एका वेळी दोन, त्याहून जास्त नाही. तू सत्तर किलोचा असशील, वर वीस-वीस किलोचे दोन क्रेट, एवढ्यात या गाडीची ताकद संपते. मागे उंच रचलंस तर चढावर पुढची चाकं उचलतील.

आता किनाऱ्याचं. ते मनातून काढ, आणि मी हे रागाने म्हणत नाही. या गाडीला रस्त्याची नोंदणी नाही, विमा नाही. मागचा ॲक्सल सलग आहे, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी सोय) नाही, नवख्याने वेगात वळवलं तर ती उलटते. कोणाचं पोर खाली सापडलं तर दोनशे रुपयांत काय भरून देणार? ती किल वायरची गोष्ट मी उगाच सांगितली नाही.

आणि तुझा किनारा कोणाचा आहे हे तुला ठाऊक आहे. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात, पिल्लं मेपर्यंत निघत राहतात. तू नेमका मे म्हणतोस. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरच्याच वाळूत दोन कासविणींना उपग्रहाचे टॅग लावले होते, बागेश्री आणि गुहा. त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पिल्लू तुझ्या मुठीत मावेल एवढं असतं. टायरच्या खोल चाकोरीत ते पडलं की बाहेर येता येत नाही, पाण्याकडे जाण्याऐवजी चाकोरीतूनच धावत राहतं, आणि सकाळी कावळे येतात. मी हे वाळूत वाकून पाहिलंय. वर खारं पाणी तुझ्या नव्या अर्थिंगचं काय करेल ते वेगळं. पर्यटकांना काही द्यायचंच असेल तर त्यांना बागेत आण, पायी फिरव, कलमाखाली बसवून आंबा खायला घाल. तुझ्याकडे ते आहे.

बाबांना सांग, महिनाभर थांबा. आंबा उतरायला अजून वेळ आहे. अर्थिंग, पेट्रोल, टॅपेट या क्रमाने जा, एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. टॅपेटला गॅप किती निघाला ते मला लिही, आणि केसिंगवरचा नंबरही पूर्ण उतरवून पाठव. एक्झॉस्टच्या बाजूचा गॅप शून्य निघाला असेल तर सेट केल्यावर पन्नासेक तास चालवून पुन्हा मोज. तो परत बंद झाला असेल, तर हेड एकदा उतरवावं लागेल, आणि तेव्हा काय बघायचं ते मी सांगेन.